बाप्तिस्म्याच्या कुंडावर ड्रॅगन कशाला?

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यांच्या चर्चमध्ये पश्चिमेच्या टोकाला, दाराजवळ, दगडाचं एक कुंड असतं. साधारण कमरेइतकं उंच, दगड पाणी पिऊ नये म्हणून आतून शिशाचा पत्रा बसवलेलं, तळाशी पाणी जमिनीत मुरावं म्हणून भोक पाडलेलं. बाप्तिस्मा, म्हणजे वसईचे कॅथलिक ज्याला स्नानसंस्कार म्हणतात तो, इथेच होतो. गावाच्या हाती पैसा आला की चर्च पाडून मोठं बांधलं जाई, पण कुंड बऱ्याचदा जुनंच ठेवलं जाई. त्यामुळे ज्या इमारतीसाठी ते घडवलं ती केव्हाच गेली आणि बाराव्या शतकातलं कुंड मात्र जागच्या जागी आहे, असं अनेक गावांत दिसतं. या कुंडांच्या नक्षीकडे नीट पाहिलं की पाहणारा गोंधळतो. तान्ह्या मुलाला पाण्यात बुडवायच्या जागी सिंह, साप, ड्रॅगन, वेलींत अडकलेली माणसं, तलवारी उपसून एकमेकांवर धावलेले योद्धे, हे सगळं आलं कुठून? यावर दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, हे निरक्षर शेतकऱ्यांसाठी दगडात लिहिलेलं बायबल. दुसरं, हा ख्रिस्तपूर्व धर्माचा अवशेष. कारागिरांनी धर्मगुरूंच्या नकळत जुने देव इथे लपवले. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, आणि दोन्ही एकाच कारणाने. दोघांनाही कुंडाची बाहेरची बाजू दिसते, आतलं पाणी दिसत नाही. कुंड हे आधी अवजार आहे. त्यावरची चित्रं तिथे होणाऱ्या विधीला धरून वाचली तर त्यांतली बरीचशी सरळ उलगडतात. विधी बाजूला ठेवला की ती कोडी होतात.

विधी कसा होता ते आधी पाहू. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात सॅलिसबरी कॅथीड्रलची पद्धत चाले. तिच्याप्रमाणे मूल थेट कुंडापाशी जात नसे. सुरुवात व्हायची चर्चच्या दाराशी. आई शुद्धीचा विधी होईपर्यंत घरीच, त्यामुळे सुईण आणि धर्ममाता-धर्मपिता बाळाला घेऊन येत. धर्मगुरू बाळाच्या कपाळावर आणि छातीवर क्रूसाची खूण करी, जिभेवर मीठ ठेवी आणि मग बाळाला सोडून अपवित्र आत्म्याशीच बोलू लागे: निघ, याच्यातून बाहेर हो. हा हुकूम एकदा देऊन भागत नसे; वेगवेगळ्या शब्दांत तो पुन्हा पुन्हा सोडला जाई. मग कानांना आणि नाकाला थुंकीचा स्पर्श, आणि त्यानंतर कुठे बाळ आत. कुंडापाशी प्रश्न विचारले जात: सैतानाचा त्याग करतोस का, त्याच्या सगळ्या कृत्यांचा, त्याच्या डामडौलाचा? उत्तरं बाळाच्या वतीने धर्ममाता-धर्मपिता देत. छातीला आणि पाठीला खांद्यांच्या मधोमध तेल लावून उघड्या बाळाला तीनदा पाण्यात बुडवलं जाई: एकदा एका कुशीवर, एकदा दुसऱ्या, एकदा पालथं. त्या काळची कुंडं एवढी ऐसपैस का, याचं उत्तर इथेच आहे. कपाळावर ओंजळभर पाणी टाकायला एवढं मोठं भांडं लागत नाही. शेवटी टाळूला सुगंधी तेल, अंगावर पांढरं वस्त्र, हाती पेटती मेणबत्ती. आज आपण बाप्तिस्मा म्हणजे बारशासारखा एक गोड सोहळा समजतो. त्या काळच्या विधीत मात्र पाण्याच्या आधी लढाई होती, आणि शत्रूला नाव होतं.

हा शत्रू पाण्यात राहतो, ही कल्पना तर इंग्लंडहून आणि बाराव्या शतकाहूनही खूप जुनी. स्तोत्रसंहितेच्या ७४व्या स्तोत्रात देव पाण्यातल्या महासर्पांची डोकी ठेचतो. चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल बाप्तिस्म्याला बसणाऱ्या प्रौढांना शिकवताना तेच सूत्र पकडतो: यार्देन नदीत अजस्र श्वापद दडलं होतं, येशू पाण्यात उतरला तो त्याला जखडायला, म्हणून तुम्ही निर्धास्त उतरा. विल्टशरमधल्या एव्हबरीच्या कुंडावर दंडधारी बिशप आणि त्याच्या बाजूंना ड्रॅगन दिसतात, त्यांच्यामागे ही परंपरा आहे. मराठी वाचकाला इथे देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख आठवेल, आणि उग्र तोंड म्हणजे राखणदार असा निष्कर्ष लगेच निघेल. पण इथे तो फसवा आहे. उंबऱ्यावरचं कीर्तिमुख आपलं असतं, आपल्या बाजूने दात विचकतं. कुंडावरचा ड्रॅगन बहुधा समोरच्या पक्षाचा आहे, आणि तो हरतोय किंवा हरलेला आहे. हेरफर्डशर परगण्यात ११५०च्या आसपास काम केलेल्या शिल्पकारांच्या गटाची दोन कुंडं या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. कॅसल फ्रोमच्या कुंडावर येशू एका गोल डबक्यात उभा आहे, पाण्यात मासे, वरून देवाचा हात आणि कबुतर; आणि या सगळ्याचा भार खाली चिरडल्यासारख्या ओणव्या आकृत्यांवर. अर्डिस्लीच्या कुंडावर प्रसंग वेगळा आहे. तिथे क्रूस घेतलेला ख्रिस्त वाकून एका माणसाचं मनगट पकडतो आणि त्याला जाड, दोरखंडासारख्या वेलींच्या गुंत्यातून अक्षरशः खेचून काढतो. मेल्यानंतर येशू अधोलोकात उतरला आणि त्याने तिथल्या बंदिवानांची सुटका केली, ती ही कथा. वरवर पाहता तिचा बाप्तिस्म्याशी संबंध काय? पण जन्मलेलं मूल सैतानाच्या ताब्यातून ओढून घ्यायचं आहे, असं मानणाऱ्या विधीच्या जागी याहून चपखल प्रसंग सापडणं अवघड. मनगटाची ती पकड दोन्ही गोष्टी एकदम सांगते. त्याच कुंडावर दोन योद्धे झुंजताहेत. गावात त्याची एका स्थानिक सरदाराच्या द्वंद्वाशी सांगड घालतात, आणि ती खोटीच असेल असं नाही. पण लढाईच्या विधीसाठी घडवलेल्या दगडावर लढाई दिसली तर स्पष्टीकरणासाठी दरवेळी सरदाराकडे जायची गरज पडू नये.

माझा मुद्दा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो ग्लॉस्टरशरमधल्या साउथ्रॉप गावी. तिथलं कुंड कमानींनी विभागलेलं आहे. पाच कमानींत पाच सद्गुण, चिलखत घातलेल्या स्त्रियांच्या रूपात, आणि त्यांच्या पायाखाली पाच दुर्गुण. दया मत्सराला तुडवते, संयम कामवासनेला, दातृत्व लोभाला, सहनशीलता रागाला आणि मर्यादा दारूबाजीला. कल्पना जुनीच, पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा लॅटिन कवी प्रुडेंटियस याच्या काव्यातून आलेली. पण इथल्या शिल्पकाराने एक गोष्ट केली आहे, ती बारकाईने पाहिल्याशिवाय कळत नाही. सद्गुणांची नावं सरळ कोरली आहेत. दुर्गुणांची नावं उलटी, आरशात पाहावीत तशी. वाचायला शिकलेल्या माणसालाही ती चटकन वाचता येऊ नयेत, असा हा प्रकार आहे. शिकवण्यासाठी कोरलेल्या मजकुराला हे कुणी करत नाही. ज्याला घालवायचं त्याचं नाव उलटं लिहायचं, यात मला विधीतला तो हुकूमच ऐकू येतो. उरलेल्या तीन कमानींत मोशे, विजयी स्त्रीच्या रूपातलं ख्रिस्ती चर्च आणि पराभूत स्त्रीच्या रूपातला यहुदी धर्म आहे. हा शेवटचा तपशील कौतुकाने पाहून पुढे जाण्यासारखा नाही. शत्रूला हरवायच्या भाषेची एकदा सवय झाली की शत्रूंच्या यादीत शेजारीही येतात, आणि इंग्लंडने १२९० मध्ये सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं तेव्हा असली शिल्पं चर्चमध्ये कित्येक वर्षं उभी होती.

आता निरक्षरांच्या बायबलचा दावा. त्याला मोठा आधार आहे: पोप पहिला ग्रेगरी याने ६००च्या सुमाराला मार्सेच्या बिशपाला लिहिलेलं पत्र. चित्रं फोडणाऱ्या त्या बिशपाला ग्रेगरी बजावतो की वाचता न येणाऱ्यांना भिंतीवरून तरी वाचता येऊ दे. युक्तिवाद चांगला आहे, आणि काही कुंडांना तो लागूही पडतो. विंचेस्टर कॅथीड्रलमधल्या काळ्या दगडाच्या कुंडावर संत निकोलसच्या कथा आहेत. गरीब बापाच्या तीन मुलींना हुंड्यासाठी सोनं देणारा संत ओळखायला अक्षरओळख लागत नाही. पण हा नियम सगळीकडे लावला तर अडचणी येतात. लॅटिन अक्षरं कुणासाठी कोरली? सॉमरसेटमधल्या ललिंग्टनच्या कुंडावर तर लॅटिन ओळ आहे, आणि तिचा आशय एवढाच की या पवित्र स्नानात पापं नष्ट होतात. ही शिकवणी नव्हे; वस्तू स्वतःचं काम स्वतःच्या तोंडाने सांगते आहे. शिवाय चित्रांतून धडा घ्यायला उजेड, वेळ आणि मोकळी जागा हवी. अनेक कुंडं चारही बाजूंनी कोरलेली आहेत आणि विधीच्या वेळी भोवती माणसांचा घोळका असे. शेतकऱ्याने प्रदक्षिणा घालत, बोट ठेवत वाचावं अशी सोय तिथे नव्हती. चित्रं पाहिली जात होती यात शंका नाही. फक्त पाहणं हे त्यांचं एकमेव काम नव्हतं.

जुन्या देवांचा दावा जास्त लोकप्रिय आहे, आणि त्याचं कारण उघड आहे: गुपित कुणाला आवडत नाही? चर्चमधल्या पानं ओकणाऱ्या चेहऱ्यांना हिरवा पुरुष हे नाव मिळालं आणि त्यांना प्राचीन वनदेवता ठरवण्यात आलं, ते लेडी रॅग्लन यांच्या १९३९च्या एका लेखामुळे. त्याआधी ते नाव या शिल्पांना कुणी लावत नव्हतं. म्हणजे प्राचीन वाटणारी ही परंपरा दुसऱ्या महायुद्धाच्या वयाची. कुंडांपुरतं बोलायचं तर या दाव्याविरुद्ध भक्कम साक्षीदार आहे कंब्रियातल्या ब्राइडकर्कचं कुंड. त्यावर रून लिपीत लेख आहे, आणि रून म्हटल्यावर व्हायकिंग, ओडिन वगैरे आठवून हौशी मंडळी खूश होतात. लेख आहे बाराव्या शतकातल्या इंग्रजीत आणि तो सांगतो फक्त कारागिराचं नाव: रिकार्थने हे घडवलं, आणि सजवलं. लेखाच्या पट्टीखाली रिकार्थ स्वतः हजर आहे. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी, डोकं पुढे झुकलेलं, आणि तो नक्षीच्या वेलीवरच घाव घालतो आहे. म्हणजे जी वेल आपण पाहतो तीच तो कोरतो आहे. दुसऱ्या बाजूला येशूचा बाप्तिस्मा आणि एदेनमधून हाकलले गेलेले आदाम-एवा. त्यात लपवलेलं काही नाही. एवढ्या अभिमानाने सही करणारा माणूस धर्मगुरूच्या नजरेआड कट रचत होता, हे पटणं कठीण.

चर्चला कुंडाबाबत भीती होती हे मात्र खरं. पण ती नक्षीची नव्हती, पाण्याची होती. ईस्टरच्या आदल्या रात्री मंत्रून ठेवलेलं पाणी पुढे बरेच दिवस कुंडात राहत असे, आणि लोक ते चोरून जादूटोण्यासाठी, औषधासाठी, पिकावर शिंपडायला नेतील असा संशय असे. कँटरबरीचा आर्चबिशप एडमंड याच्या नावावर १२३६च्या सुमाराचा नियम आहे की कुंडाला झाकण असावं आणि त्याला कुलूप असावं, आणि कारण म्हणून जादूटोण्याचा उल्लेख आहे. जुन्या कुंडांच्या काठावर समोरासमोर दोन ठिकाणी टवके उडालेले किंवा वेगळ्या दगडाचं ठिगळ दिसतं. ती बहुतेकदा त्या कुलुपाच्या लोखंडी कड्यांची जागा, कडी उपसताना फुटलेली. गावकऱ्यांची श्रद्धा कशावर होती हे या टवक्यांवरून जास्त कळतं. ड्रॅगनाची पूजा कुणी करत नव्हतं. पाणी मात्र सगळ्यांना हवं होतं.

सगळ्यात अवघड आक्षेप तिसरा आहे, आणि तो अभ्यासकांचा आहे: हे निव्वळ अलंकरण कशावरून नाही? हेच सिंह, हेच ड्रॅगन खांबांच्या माथ्यावर, दारांच्या चौकटींवर, हस्तलिखितांच्या समासांत सगळीकडे आहेत. क्लेअरव्होच्या बर्नार्डने ११२५च्या सुमारास मठांतल्या असल्या राक्षसांवर तोंडसुख घेतलं होतं. त्या काळच्या एवढ्या विद्वान संन्याशाला त्यांत अर्थ दिसला नाही, तर आपण तो कुठून आणणार? पण बर्नार्डची तक्रार नीट वाचली तर ती संन्याशांच्या ओवरीपुरती आहे, जिथे माणसं पुस्तक वाचायला बसतात आणि लक्ष शिल्पांकडे जातं. सामान्य लोकांना सांभाळणाऱ्या बिशपांची गोष्ट वेगळी, हे तो स्वतःच मान्य करतो. गावचं कुंड त्या दुसऱ्या जगातलं आहे. तरी आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. बेल्जियममधल्या तूर्ने इथल्या खाणींतून जहाजाने आलेली सात अखंड कुंडं इंग्लंडमध्ये आहेत, त्यांतली चार एकट्या हॅम्पशर परगण्यात. त्यांपैकी ईस्ट मीऑनच्या कुंडावर आदामची निर्मिती, एदेनमधून हकालपट्टी आणि आदामला जमीन खणायला शिकवणारा देवदूत आहे. लिंकन आणि थॉर्नटन कर्टिस इथल्यांवर मात्र पंखांचे प्राणी ओळीने चालले आहेत, आणि त्यांत मला तरी कारखान्याच्या सवयीपलीकडे काही दिसत नाही. डॉर्सेटमधल्या मेल्बरी बबचं कुंड तर सॅक्सन काळातल्या एका दंडगोल खांबाचा तुकडा उलटा करून पोखरलेलं आहे. त्यावरचे हरीण, कुत्रे आणि साप गेली कित्येक शतकं खाली डोकं वर पाय आहेत. नक्षीला एवढं महत्त्व असतं तर ती कुणी उलटी कशी बसवली असती? मला वाटतं, यावरून एवढंच सिद्ध होतं की कुंड नक्षीशिवायही कुंडच असे. विधीला दगड आणि पाणी पुरत होतं. नॉर्फकमधल्या बर्नहम डीपडेलच्या कुंडावर बारा महिन्यांची कामं आहेत, जानेवारीत शिंगातून पिणारा माणूस, नोव्हेंबरात डुक्कर मारणारा, डिसेंबरात पंगत. तेही माझ्या सूत्रात ओढूनताणून बसवण्यात अर्थ नाही. पण जिथे कारागिराला किंवा त्याच्या यजमानाला काही म्हणायचं होतं, तिथे त्याने काय निवडलं ते पाहावं: साउथ्रॉपची तुडवातुडवी, अर्डिस्लीची पकड, कॅसल फ्रोमच्या ओणव्या आकृत्या. ही निवड आंधळी नाही.

पंधराव्या शतकात पूर्व इंग्लंडमध्ये कुंडांचं रूप बदललं. नॉर्फक आणि सफक परगण्यांत अष्टकोनी कुंडांची एक जातच आहे, ज्यांच्या सात बाजूंवर कॅथलिकांचे सात संस्कार कोरलेले आहेत: बाप्तिस्मा, दृढीकरण, मिस्सा, पापनिवेदन, मरणाऱ्याचं अभ्यंग, धर्मगुरुदीक्षा आणि विवाह. आठव्या बाजूला बहुधा येशूचा बाप्तिस्मा किंवा क्रूसावरचा येशू. अशी सुमारे चाळीस कुंडं उरली आहेत. आठ हा आकडा जुना आहे. सात दिवसांच्या आठवड्यानंतरचा आठवा दिवस म्हणजे पुनरुत्थानाचा, म्हणून चौथ्या-पाचव्या शतकापासून बाप्तिस्मागृहं अष्टकोनी बांधली जात. यांतल्या बाप्तिस्म्याच्या चौकटीत धर्मगुरू एका उघड्या बाळाला अष्टकोनी कुंडात बुडवतो आहे, म्हणजे कुंडावर कुंडाचंच चित्र. इथे माझ्या म्हणण्याला एक अडचण येते. विधीतला सैतानाला घालवायचा भाग पंधराव्या शतकातही तसाच होता, मग ड्रॅगन गेले कुठे? उत्तराचा एक भाग खाली वाकून पाहिलं की मिळतो. या प्रदेशातल्या कुंडांच्या खांबाला टेकून सिंह बसलेले असतात, आणि सफकमध्ये त्यांच्या जोडीला अंगभर केस वाढलेले, हाती सोटे घेतलेले रानटी पुरुष. वर भांड्यावर देवदूत किंवा संस्कार. रानटीपणा तळाला गेला आहे. दुसरा भाग असा की या काळात नवा शत्रू समोर होता. लोलार्ड पंथाची माणसं म्हणू लागली होती की ख्रिस्ती आईबापांच्या मुलाला पाण्याची गरजच नाही. नॉर्विचच्या बिशपाने १४२८ ते १४३१ या काळात त्यांच्यावर खटले चालवले आणि त्यांत लोडन गावची माणसं होती. सातही संस्कार दगडात मांडणारी कुंडं त्यांना दिलेलं उत्तर असावं, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. लोडनलाही पुढे असं कुंड झालं, आणि त्यावरच्या आकृत्या नंतर इतक्या कसून तासल्या गेल्या की आज फक्त बाह्यरेषा दिसतात.

ती तासणी प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतरची. १५४९च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात अपवित्र आत्म्याला हाकलणारे शब्द अजून होते. १५५२च्या आवृत्तीत ते, आणि त्यांच्याबरोबर तेलही, गळलं. मुलाच्या वतीने सैतानाचा त्याग करायचा प्रश्न तेवढा राहिला. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात, १६४३-४४ मध्ये, विल्यम डाउझिंग केंब्रिजशर आणि सफकमधल्या अडीचशेच्या आसपास चर्चमधून मूर्ती फोडत हिंडला. सफकच्या अफर्डमधलं कुंडाचं लाकडी झाकण, जवळजवळ साडेपाच मीटर उंचीचं आणि टोकावर आपल्या रक्ताने पिलांना पोसणारी पेलिकन असलेलं, त्याच्या तडाख्यातूनही वाचलं. मूर्तिभंजकांचा राग मुख्यतः संस्कारांवर आणि संतांवर होता. बाराव्या शतकातले ड्रॅगन बहुतेक ठिकाणी छिन्नीविना सुटले. १६४५च्या नव्या उपासना-नियमांनी तर जुन्या कुंडांच्या जागी बाप्तिस्मा करायलाच मनाई केली आणि तिथे साधी तसराळी आली. १६६० मध्ये राजेशाही परतली, कुंडंही परतली. १६६१-६३ अशी सालं कोरलेली बरीच कुंडं आजही दिसतात. त्यांवर फुलं आहेत, सालं आहेत, देणगीदारांची आद्याक्षरं आहेत. ड्रॅगन नाही, कारण त्याला उद्देशून बोलणारं आता कुणी उरलं नव्हतं. तो पुन्हा आला एकोणिसाव्या शतकात, जुन्या नॉर्मन शैलीची हौस सुरू झाल्यावर, पुस्तकातल्या चित्रांवरून बेतलेल्या नव्या कुंडांवर. निव्वळ अलंकरण हा आक्षेप त्या कुंडांना मात्र तंतोतंत लागू पडतो.